डावकी आणि उमंगोट: कधी जावं, कसं जावं

सह्याद्रीत फिरणाऱ्यांना पावसाळा म्हणजे सहलीचा काळ. मेघालयातल्या डावकीसाठी मात्र हे गणित उलटं आहे. बांगलादेश सीमेवरच्या या गावातून वाहणारी उमंगोट नदी तळापर्यंत नितळ दिसते ती साधारण नोव्हेंबर ते मार्च. पाऊस लागला की डोंगरातून गाळ उतरतो, पाणी मातकट होतं आणि प्रवाह वाढला की होड्या बंद ठेवतात. पावसात जायचंच असेल तर रिवाई गावाच्या वाटेवरचा बोरहिल धबधबा पाहायला जा, नदीसाठी नको.

शिलाँगहून डावकी 80 किलोमीटरच्या आसपास आहे, पण घाट, धुकं आणि ट्रक धरून तीन तास लागतात. शेअर सुमो शिलाँगच्या बडा बाजार भागातून सकाळी सुटतात आणि भरल्याशिवाय हलत नाहीत. परतीच्या गाड्या दुपारनंतर झपाट्याने कमी होतात, म्हणून उतरल्याबरोबर शेवटची गाडी कधीची ते विचारून ठेवा. रविवार टाळाच. इथली बहुतेक माणसं ख्रिस्ती, त्यामुळे त्या दिवशी दुकानं बंद आणि गाड्या तुरळक. रोख रक्कम शिलाँगमध्येच काढा. सोबत मूळ ओळखपत्र हवं.

होडी हवेत तरंगत असल्यासारखा फोटो हवा असेल तर तिची सावली तळावर पडायला हवी, म्हणजे सूर्य बराच वर हवा. दहा ते एक ही त्यातल्या त्यात चांगली वेळ. ढगाळ दिवशी पाणी स्वच्छ असूनही पृष्ठभागावर नुसतं आभाळ दिसतं. डिसेंबरात साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. शिलाँगहून नऊ वाजता निघणाऱ्यांचा निम्मा दिवस गाडीतच जातो. होडी वल्ह्याची असते आणि भाडं सहसा होडीमागे ठरतं. बसण्याआधी तीन गोष्टी बोलून घ्या: किती वेळ, कुठपर्यंत, किती माणसं. लाइफ जॅकेट पोहता येणाऱ्यांनीही घालावं. नितळ पाण्यात खोलीचा अंदाज हमखास चुकतो.

खरं तर डावकीत मुक्काम करण्यासारखं फारसं नाही. काही किलोमीटर वर, त्याच नदीकाठी श्नोंगपडेंग हे गाव आहे. रात्री तिथे तंबूत किंवा होमस्टेत राहिलात तर शिलाँगच्या गाड्या पोचायच्या आत नदी तुमची. थंडीत काठावर दव पडतं, तेव्हा गरम कपडे घ्या. गोट्यांवर घसरण फार, त्यामुळे मागे पट्टा असलेले सँडल बरे.

डावकीचा झुलता पूल 1932 सालचा आहे. तो अरुंद असल्याने एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात, आणि चुनखडी-दगडांचे ट्रक असले की रांग लागते. पुलावर थांबून फोटो काढू देत नाहीत. खालच्या वाळवंटात भारत-बांगलादेश सीमा आहे. पलीकडे बांगलादेशातल्या जाफलाँगचे पर्यटक हाकेच्या अंतरावर दिसतात. तिथे डोळ्यांना कुंपण दिसत नाही म्हणून पुढे जायचं नाही, सीमा सुरक्षा दलाचा जवान सांगेल तिथे थांबायचं. तामाबिल या पलीकडच्या नाक्यामार्गे सीमा ओलांडायची असेल तर पासपोर्ट आणि बांगलादेशचा व्हिसा आधीच हातात हवा, नाक्यावर मिळत नाही.

फोनची एक गंमत लक्षात ठेवा. तो पलीकडचं नेटवर्क पकडतो आणि घड्याळ अर्धा तास पुढे जातं, वर रोमिंगचे पैसे. आंतरराष्ट्रीय रोमिंग आणि आपोआप वेळ बदलणं, दोन्ही आधीच बंद करा.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर मावलिनाँग गाव आणि शेजारच्या रिवाईचा जिवंत मुळांचा पूल जोडून घ्या. रबराच्या झाडाची मुळं वर्षानुवर्षं वळवून तो घडवला आहे. उतरायला पायऱ्या आहेत. गुडघे दुखणाऱ्यांनी चढताना लागणारा वेळही धरावा. जेवणाला जादोह, म्हणजे मांस घालून शिजवलेला खासी भात, मागवलं तर त्यात सहसा डुकराचं मांस असतं, नको असेल तर आधी विचारा. कुणी क्वाय, म्हणजे पान-सुपारी, दिली तर पहिल्यांदा छोटा तुकडाच घ्या. ओली सुपारी चढते, घाम फुटतो आणि गरगरतं.