मेमधली गच्ची आणि माना टाकलेली रोपं

एप्रिल लागला की सांगलीत माझ्या दुकानासमोर जळक्या मोटारी जमायला लागतात. बोअरच्या, कूलरच्या, पंख्यांच्या. मी वाइंडिंग करतो, म्हणजे मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळतो, त्यामुळे उष्णता तांब्याचं काय करते ते हाताला ठाऊक आहे. घराच्या गच्चीवर माझं छोटं ॲक्वापोनिक्स आहे: ५०० लिटरची टाकी, तीत २२ सायप्रिनस (कॉमन कार्प) मासे, आणि शेजारी खडी भरलेले तीन वाफे. माशांच्या घाणीचं बॅक्टेरिया खत करतात, ते पाणी वाफ्यात जातं आणि स्वच्छ होऊन टाकीत परत येतं. दुकानात उष्णता ओळखणाऱ्या मला गच्चीवरची उष्णता ओळखायला मात्र दोन उन्हाळे लागले.

पहिल्या मेमध्ये दुपारी दोनला वर गेलो तर लेट्युस, कोथिंबीर, टोमॅटो सगळ्यांनी माना टाकलेल्या. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. टाकीची पातळी चार बोटं उतरलीच होती, म्हणून ओव्हरहेड टाकीचा नळ सोडला. काळी टाकी, उन्हात पडलेला पाईप, त्यातून आलेलं पाणी चहाला चाललं असतं. संध्याकाळी तीन मासे उलटे तरंगत होते. रोपं मात्र सूर्य कलल्यावर आपोआप उभी राहिली होती. म्हणजे त्यांना पाणी कमी पडलंच नव्हतं.

म्हणून पहिलं काम हे करा. मान टाकलेलं रोप दिसलं की काहीही ओतू नका, संध्याकाळी सहाला पुन्हा बघा. तोवर उठलं तर ते फक्त उन्हाचं झोपणं आहे. सकाळी आठलासुद्धा तसंच पडलेलं असेल तर हलकेच उपटून मुळं बघा. पांढरी, करकरीत असतील तर ठीक. तपकिरी, बुळबुळीत आणि वास मारणारी असतील, बाहेरची साल ओढली की निघून आत दोऱ्यासारखा गाभा राहत असेल, तर मूळकूज लागली आहे. ते रोप काढून टाका, वाचवायच्या भानगडीत पडू नका. ही कूज गरम आणि प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात फोफावते, म्हणून वर पानांवर काही करण्यापेक्षा आधी पाणी थंड करा.

त्यासाठी एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून टाकीत सोडा आणि दुपारी चार-पाचच्या सुमारास वाचा. ऊन बाराला कडक असतं, पण पाण्याचा पारा सगळ्यात वर जातो तो उशिरा. पालेभाजीच्या मुळांना २८ अंशांपर्यंत पाणी बरं. ३२ च्या वर गेलं की मी हातातलं काम सोडून वर जातो. समुद्रसपाटीला २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३५ ला तोच ७ च्या आसपास येतो, आणि आपली सांगली उंचावर असल्यानं आणखी थोडा कमी. त्याच वेळी मासे आणि बॅक्टेरिया जास्त प्राणवायू मागतात. रोपांच्या मुळांना उरलंसुरलं मिळतं.

आता थंड कसं करायचं? सगळे पहिल्यांदा फ्रीजरमधल्या बाटल्या सांगतात. मीही टाकल्या. मग एका रात्री कागद घेऊन बसलो. लिटरभर बर्फ वितळून तीस अंशांपर्यंत येईतो जेवढी उष्णता ओढतो, तेवढ्यानं ५०० लिटर पाणी पाव अंशसुद्धा उतरत नाही. चार बाटल्या घातल्या तरी एक अंश नाही, आणि वर फ्रीजचं बिल. याउलट एक लिटर पाणी वाफ होऊन उडालं तर ते साधारण पाच बाटल्यांच्या बर्फाएवढी उष्णता घेऊन जातं. त्यातली निम्मी बाहेरच्या हवेतून घेतली असं धरलं तरी सौदा फायद्याचा. आमच्या आईनं रांजणाला ओलं फडकं गुंडाळलं होतं तेव्हा हा हिशेब कोणी केला नव्हता.

तर टाकीला दोन पदरी गोणपाट गुंडाळा, वरच्या कडेला बारीक भोकांची ठिबकची नळी फिरवा आणि तिला साध्या पाण्याच्या बादलीतून थेंब-थेंब पाणी सोडा. टाकीचं पाणी त्यासाठी वापरू नका, गोणपाटाचे धागे आणि घाण परत आत येते. टाकीच्या तोंडावर पांढरं झाकण ठेवा, पण हवा खेळायला फट सोडा. प्लास्टिकमधून उष्णता हळू जाते, म्हणून गोणपाटाचा अर्धा उपयोग ऊन अडवण्याचाच आहे. मेच्या शेवटी हवा दमट झाली की वाफेचा हा जोर कमी पडतो, तेव्हा अपेक्षाही कमी ठेवा.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. पाण्यात बुडवलेला पंप जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन त्याच पाण्यात उतरते. माझा पंप ४० वॅटचा. दिवसभरात जवळजवळ एक युनिट. ती उष्णता कुठेच गेली नाही तर ५०० लिटर पाणी दिवसाला दीड अंशांहून जास्त चढेल. म्हणून टायमर लावला आणि वेळापत्रक उलटं केलं. दिवसा अकरा ते पाच पंप तासाला फक्त दहा मिनिटं, कारण तापलेल्या खडीतून फिरलेलं पाणी टाकीत चूल पेटवल्यासारखं परत येतं. संध्याकाळी सातपासून सकाळी सातपर्यंत मात्र पंप सैल सोडायचा आणि परतीचा पाईप टाकीच्या दीड-दोन फूट वर आणून टोकाला भोकं पाडलेली टोपी लावायची. पाणी शॉवरसारखं पडतं, रात्रीच्या हवेत थंड होतं आणि प्राणवायूही घेतं. माझ्याकडे एवढ्यानं सकाळचा पारा दोन-तीन अंश उतरला. पंप कमी चालतो त्या वेळात पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणारा एअर पंप बंद पडता कामा नये. तो पाण्याबाहेर सावलीत ठेवा आणि बॅटरीवर चालणारा एक जोडीला घ्या. दुपारची वीज काही विचारून जात नाही.

पूर्वी माझ्याकडे तीन इंची पीव्हीसी पाईपमधली रोपंही होती. त्यात पाण्याची पातळ धार उन्हात तव्यावरच्या थेंबासारखी तापायची. पाईप ठेवायचेच असतील तर पांढरा रंग द्या आणि सावलीत घ्या. मी ते काढून टाकले.

सावलीसाठी नवीन जाळी घ्यायची गरज नाही. तासगावच्या बाजूला बेदाण्याच्या शेडच्या जुन्या शेडनेट दरवर्षी निघतात, आमच्या पाहुण्यांकडून मी एक आणली. धुऊन, खळखळून, मगच बांधली. द्राक्षपट्ट्यात औषधं फार मारतात आणि मासे त्यातल्या तांब्याला सहसा सहन करत नाहीत. पालेभाजीला अर्धी सावली पुरते, टोमॅटो-मिरचीला त्याहून कमी. जाळी रोपांच्या डोक्यापासून दोन-तीन फूट वर हवी. टेकवली तर पानं आतच शिजतात. आणि पश्चिमेची बाजू उभी झाका, चारनंतरचं तिरकं ऊन थेट वाफ्याच्या भिंतीवर येतं.

काय लावायचं यात हट्ट सोडा. लेट्युस, पालक, कोथिंबीर मेमध्ये फुलोऱ्यावर जाऊन कडू होणारच. मी मार्चअखेर ती काढून लाल माठ, अंबाडी, मायाळू आणि पुदिना लावतो. टोमॅटोची फुलं हवा ३५ अंशांवर गेली की गळतात, त्याला खताची कमतरता समजू नका.

माशांचं खाणं कमी करा. पाणी ३२ च्या वर गेलं की मी माशांना सकाळी एकदाच, नेहमीच्या निम्मं घालतो. दुपारी तर अजिबात नाही. न खाल्लेलं खाद्य कुजतं आणि अमोनिया वाढतो. पीएच (पाण्याच्या आम्लतेचं माप) ७ असताना त्यातला शंभरात एक भागही विषारी रूपात नसतो, पण पीएच ८ आणि पाणी ३० अंशांवर असेल तर तो सात-आठ भागांवर जातो. बोअरचं जड पाणी भरून भरून पीएच चढतो, त्यामुळे नवी पानं पिवळी पडतात ती लोहावाचून. खडीही तपासा. व्हिनेगर टाकून फसफसली तर तिच्यात चुना आहे. आपली काळ्या दगडाची खडी फसफसत नाही. भरायचं पाणी आदल्या रात्री बादल्यांत काढून सावलीत ठेवा, नळाचं असेल तर क्लोरीनही उडतं, आणि पहाटे भरा. एका वेळी टाकीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नको.

लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, दिसला तर पहाटे पानांच्या खालून साध्या पाण्याचा फवारा मारा. दुसरं काही फवारायचा मोह झाला तर आधी टाकीकडे बघा.

आणि वळीव. संध्याकाळी वारा सुटला की शेडनेट शिडासारखी फुगते. एका वर्षी माझा बांबू वाफ्यात आडवा झाला. पावसाच्या पाण्यात पीएच तोलून धरणारं काही नसतं, म्हणून सरीनंतर तो मोजा आणि एक दिवस खाणं थांबवा. जाळीची दोरी मात्र अशी बांधा की एका ओढीत सुटेल. आमच्याकडे ती ओढायचं काम सौ. करते, कारण वळीव येतो तेव्हा मी दुकानात असतो.