ऑनलाइन स्टॅटिस्टिक्स घेताय? कोर्स सुरू व्हायच्या आधी एवढं करून ठेवा

या जुलैत आमच्या ओळखीतल्या तिघीजणी स्टॅटिस्टिक्सचा पहिला कोर्स ऑनलाइन घेताहेत, एकीला सायकॉलॉजीच्या एमएला लागतो, एक नर्सिंगवाली आहे आणि एक बँकेत आहे पण तिला डेटाच्या कामाकडे वळायचंय, आणि तिघींचा प्रश्न एकच, गणित सुटून इतकी वर्षं झाली, झेपेल का. झेपतं. मी नोकरी आणि घर सांभाळून केलाय म्हणून खात्रीने सांगते. फक्त एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा, व्हिडिओ बघताना सगळं समजतंय असं वाटतं आणि वही उघडून तेच उदाहरण एकटीने करायला घेतलं की तिसऱ्या ओळीला हात अडतो. वर्गात हे सरांच्या लगेच लक्षात येतं, शेजारची मैत्रीण वाकून सांगते, इथे ते कुणाच्याच लक्षात येत नाही, आपल्याही नाही, थेट असाइनमेंटला कळतं. त्यामुळे पुढे जे जे सांगतेय ते सगळं हात चालता ठेवण्यासाठी आहे.

आधी कागदपत्रांचं उरकून टाका. कोर्सचं पान शेवटपर्यंत वाचायचं, आठवडे किती, असाइनमेंट कितीला, परीक्षा घरून की सेंटरवर, पास व्हायची अट काय. उदाहरणार्थ स्वयमवरचा (सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल) एनपीटीईएलचा (आयआयटीवाल्यांचा) १२ आठवड्यांचा कोर्स घेतलात तर नाव नोंदवायला पैसे नाहीत पण परीक्षेची फी वेगळी भरावी लागते, १२ असाइनमेंटपैकी चांगल्या ८ धरतात आणि त्यांचे २५ मार्क, सेंटरवरच्या परीक्षेचे ७५, आणि सर्टिफिकेटसाठी २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३० असे दोन्हीकडे वेगवेगळे लागतात, म्हणजे असाइनमेंटला पैकीच्या पैकी मिळवून परीक्षा कशीबशी दिली तर चालत नाही. आणि कॉलेजच्या क्रेडिटसाठी घेत असाल तर आधी विभागात जाऊन विचारा. यूजीसीच्या २०२१च्या नियमाने एका सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून घेता येतात हे खरं, पण नेमका हाच कोर्स तुमच्या कॉलेजने मान्य केलाय का ते लेखी घ्या. तोंडी 'हो चालेल' वर तीन महिने घालवू नका.

आता खरी तयारी. बालभारतीचं दहावीचं गणित भाग १ काढा, घरात नसेल तर ई-बालभारतीवर पीडीएफ फुकट मिळतं. त्यातले शेवटचे दोन धडे, संभाव्यता आणि सांख्यिकी, कोर्सच्या आधीच्या पंधरा दिवसांत उदाहरणांसकट सोडवायचे, नुसते वाचायचे नाहीत. मध्य म्हणजे मीन, मध्यक म्हणजे मीडियन, बहुलक म्हणजे मोड, प्रमाण विचलन म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, अशी मराठी-इंग्रजी शब्दांची जोडी वहीच्या मागच्या पानावर लिहीत जा, ज्यांचं शिक्षण मराठी माध्यमात झालंय त्यांना याचा फार उपयोग होतो, कारण निम्मी भीती शब्दाची असते आणि यातले पहिले तीन शब्द तर मराठीत दहावीला भेटून गेलेले असतात.

त्याच्याही मागचं थोडं घासून घ्या. अपूर्णांक, दशांश आणि टक्के यांची अदलाबदल, वर्गमूळ, लहान-मोठ्याची चिन्हं (नेमकी 'किमान ३' आणि '३ पेक्षा जास्त' इथेच सगळ्यांचे मार्क जातात), सरळ रेषेचं समीकरण, आणि आपलं कंचेभागुबेव. हे शेवटचं किती लागतं ते सिग्मा, म्हणजे बेरजेचं चिन्ह, आला की कळतं. १, २, ३ हे तीन आकडे घ्या, वर्ग करून बेरीज केली तर १४ येते आणि बेरीज करून वर्ग केला तर ३६, दोन्ही कागदावर जवळपास सारखंच दिसतं, फरक फक्त कंसाचा. हे एक नीट बसलं की स्टॅटिस्टिक्सचे निम्मे फॉर्म्युले घाबरवत नाहीत.

लॅपटॉप असेल तर उत्तम, निदान आठवड्यातून दोनदा कुणाचा तरी मिळेल अशी सोय बघा, नुसत्या मोबाईलवर व्हिडिओ होतात पण शीटमध्ये काम करणं त्रासाचं जातं. गूगल शीट्सवर पहिल्या कोर्सचं बरंचसं होतं. एक्सेल असेल तर ऑप्शन्समधल्या अ‍ॅड-इन्समध्ये जाऊन अ‍ॅनालिसिस टूलपॅक आधीच चालू करून ठेवा. तुमच्या कोर्समध्ये आर (स्टॅटिस्टिक्ससाठीची कॉम्प्युटर भाषा) वापरणार असतील तर आर आणि आरस्टुडिओ दोन्ही फुकट आहेत, पहिल्या आठवड्याच्या आत डाऊनलोड करून एकदा उघडून बघा म्हणजे असाइनमेंटच्या रात्री इन्स्टॉल होत नाही म्हणून बसायला नको.

पण मला जास्त बोलायचंय ते कॅल्क्युलेटरवर. साधा दुकानातला नको, सायंटिफिक घ्या, कॅसिओचा एफएक्स-८२ किंवा ९९१ कुणाच्या तरी घरी इंजिनिअरिंगच्या काळातला पडलेला असतोच, तो आणा आणि सेल बदला. मग ही परीक्षा घ्या. लाइट बिलाचे पाच महिन्यांचे युनिट समजा ११०, १२०, १३०, १४०, १५०. आधी त्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते, हाताने काढा, सरासरी १३०, फरक वजा २०, वजा १०, शून्य, १०, २०, त्यांचे वर्ग ४००, १००, ०, १००, ४००, बेरीज १०००. याला ५ ने भागून वर्गमूळ काढलं तर १४.१४ आणि ४ ने भागून काढलं तर १५.८१. पहिलं तेव्हा जेव्हा हे पाचच महिने म्हणजे तुमची संपूर्ण पॉप्युलेशन आहे, दुसरं तेव्हा जेव्हा हे पाच म्हणजे मोठ्या ढिगातून उचललेलं सॅम्पल आहे. आता हेच कॅल्क्युलेटरच्या एसडी (स्टँडर्ड डेव्हिएशन) मोडमध्ये घाला आणि कुठलं बटण कुठलं उत्तर देतं ते शोधा, जुन्या मॉडेलवर एक्स सिग्मा एन आणि एक्स सिग्मा एन वजा १ असं असतं, नव्यावर सिग्मा एक्स आणि एस एक्स. शोधलं की कॅल्क्युलेटरच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून टाका. एक्सेलमध्येही तसंच, एसटीडीईव्ही डॉट पी म्हणजे १४.१४ वालं आणि डॉट एस म्हणजे १५.८१ वालं. आणि ८२एमएस असेल तर नवीन उदाहरणाआधी शिफ्ट, सीएलआर, १, बरोबर असं दाबून मागचा डेटा पुसायची सवय लावा, माझी एक अख्खी असाइनमेंट मागच्या उदाहरणाचे आकडे पोटात राहिल्यामुळे चुकली होती आणि पद्धत बरोबर असल्याने मी दोन दिवस चूक भलतीकडेच शोधत बसले होते.

दुसरी अशीच जागा म्हणजे झेड टेबल. झेड म्हणजे एखादा आकडा सरासरीपासून किती प्रमाण विचलनं लांब आहे ते, आणि टेबलात त्याच्यासमोर घंटेच्या आकाराच्या नॉर्मल कर्व्हखालचं क्षेत्रफळ असतं. टेबलं दोन प्रकारची मिळतात आणि दोन्हीचं नाव तेच असतं. एकात मधल्या शून्यापासून झेडपर्यंतचं क्षेत्रफळ देतात, दुसऱ्यात डाव्या टोकापासून सगळं. १.९६ समोर बघा, पहिल्यात ०.४७५० लिहिलंय आणि दुसऱ्यात ०.९७५०. तुमच्या कोर्सचे मास्तर कुठलं वापरतात ते पहिल्या दिवशी बघून तेच प्रिंट काढा, लॅमिनेट करा, दुसरं घरात ठेवूच नका. टी टेबलही त्याच वेळी प्रिंट करा. ते टी कुठून आलं ते सांगते, गॉसेट नावाचा माणूस डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीत कामाला होता, तिथे प्रयोगांचे आकडे थोडेच मिळायचे, आणि थोड्या आकड्यांवर झेड लावलं तर खात्री उगाच जास्त वाटते, म्हणून त्याने १९०८ला 'स्टुडंट' या टोपणनावाने ते छापलं. हे माहीत असलं की टी कधी आणि झेड कधी हे पाठ करावं लागत नाही.

आणखी एक तयारी जी कुठल्याच कोर्सच्या पानावर लिहिलेली नसते, स्वतःचा डेटा जमवून ठेवा. आपल्या माहितीतल्या आकड्यांवर केलं की उत्तर चुकलं तर लगेच खटकतं. घरचं १२ महिन्यांचं लाइट बिल चालेल, ऑफिसला जायला रोज लागणारी मिनिटं चालतील, आणि सगळ्यात भारी म्हणजे बाजारभाव. पणन मंडळाच्या साइटवर कांद्याचे रोजचे भाव असतात, कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण. हा सर्वसाधारण म्हणजे कमीत कमी आणि जास्तीत जास्तची बेरीज करून दोनाने भागलेला आकडा नाही, सरकारच्याच अ‍ॅगमार्कनेटवर त्या रकान्याला मोडल प्राइस म्हणतात, म्हणजे ज्या भावाने जास्त माल गेला तो भाव, आपलं बहुलक. शेतकऱ्याच्या घरात हे न शिकवता माहीत असतं.

सरासरी कुठे फसवते त्याचंही एक उदाहरण वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि त्याच वेळात कुलाब्याला सुमारे ७३. सरासरी काढली तर सुमारे ५०८.५ येते आणि एवढा पाऊस दोन्हीपैकी कुठेच पडला नाही. आउटलायर (बाकीच्यांपासून फार लांब पडलेला आकडा), मीडियन, पसारा हे सगळे शब्द पुढे आले की या पानावर परत या.

आता कोर्समधली ती जागा जिथे लोक सोडून जातात. पहिले काही आठवडे ग्राफ, सरासरी, विचलन, सगळं छान चालतं, मग प्रोबॅबिलिटी येते, नॉर्मल कर्व्ह येतो, आणि मग एक दिवस सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन नावाचा धडा येतो. तो डोक्यावरून गेला तर पुढचं कॉन्फिडन्स इंटरव्हल, हायपोथिसिस टेस्टिंग सगळं नुसतं फॉर्म्युल्यात आकडे भरणं होऊन बसतं. म्हणून त्याच्या आधीच सापशिडीचा फासा घ्या आणि मुलांना बरोबर घेऊन बसा. फासा पाच वेळा टाका, पाच आकड्यांची सरासरी लिहा. परत पाच वेळा. असं चाळीसदा करा, तासभर जातो, जाऊ द्या. एकेका फाशावर १ पासून ६ पर्यंत काहीही सारखंच पडतं, पण तुमच्या चाळीस सरासऱ्या साडेतीनच्या आजूबाजूला गोळा झालेल्या दिसतील, बहुतेक सगळ्या २ ते ५ मध्ये, ६ ही सरासरी तर जवळपास दिसणारच नाही कारण त्यासाठी पाचही वेळा ६ पडायला हवेत आणि ती शक्यता ७७७६ मध्ये एक. या चाळीस आकड्यांचा वहीवर ठिपक्यांचा ग्राफ काढला की जो डोंगर दिसतो तेच सॅम्पलिंग डिस्ट्रिब्युशन. एका फाशाचं विचलन १.७१, पाचांच्या सरासरीचं त्याला पाचच्या वर्गमूळाने भागून ०.७६, हा भागाकार का करतात ते तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं असेल. मला हे व्हिडिओतून तीनदा बघून समजलं नव्हतं, फासा टाकून समजलं.

सॅम्पल म्हणजे काय यासाठी गावाकडच्यांनी पीक कापणी प्रयोग आठवा. सगळ्या तालुक्याचं सोयाबीन कोणी मोजत नाही, चिठ्ठीसारखी निवड करून ठरलेल्या मापाचा तुकडा कापतात, वजन करतात आणि त्यावरून अंदाज बांधतात, आणि विम्याचे पैसे ठरवताना तो अंदाज धरतात. ही पद्धत आपल्याकडे बसवण्यात साताऱ्याच्या बुध गावात जन्मलेले पां. वा. सुखात्मे यांचा मोठा वाटा होता, तेच पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत गेले. मला हे कोर्स संपल्यावर कळलं, आधी कळलं असतं तर अभ्यास जास्त आपुलकीने केला असता. तुकडा सोयीचा बघून कापला तर अंदाज का बिघडतो हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, रँडम सॅम्पलचा अख्खा धडा तो एका वाक्यात सांगेल.

हायपोथिसिस टेस्टिंगमध्ये पी व्हॅल्यू नावाचा आकडा येतो, त्यासाठी एक कार्ड बनवा आणि कपाटाला लावा. पी ०.०३ आली म्हणजे 'काहीच फरक नाही' हे म्हणणं खरं असण्याची शक्यता ३ टक्के, असं नाही. समजा खरंच काही फरक नाहीये, तर इतका किंवा याहून टोकाचा डेटा मिळण्याची शक्यता ३ टक्के, असं आहे. ही दोन वाक्यं वेगळी आहेत हे मोठ्याने वाचून वाचून पचवा, परीक्षेत पर्याय नेमके यावरच देतात.

वेळेचं म्हणाल तर रोज पाऊण तास, त्यातला व्हिडिओ वीस मिनिटं आणि बाकी पेन्सिल. व्हिडिओत उदाहरण सुरू झालं की थांबवायचं, स्वतः करायचं, मग पुढे बघायचं. असाइनमेंटची शेवटची तारीख कॅलेंडरवर दोन दिवस आधीची लिहा, आमच्याकडे एकदा पाऊस झाला, लाइट गेली आणि नेटही गेलं, रात्री अकरा वाजता उत्तरं तयार होती पण सबमिट करता आली नाहीत. घरच्यांना ती पाऊण तासाची वेळ सांगून ठेवा, स्पष्ट सांगा. आणि एक माणूस शोधा, बरोबरची मैत्रीण, पुतण्या, कुणीही, जिला किंवा ज्याला रविवारी फोन करून आठवड्यातली एक गोष्ट मराठीत समजावून सांगता येईल, सांगताना जिथे अडखळाल तेवढंच सोमवारी परत बघा.

चुकलेली उदाहरणं वेगळ्या वहीत उतरवत चला, चूक कुठे झाली ते लाल पेनाने. परीक्षेच्या आदल्या रात्री नवीन व्हिडिओ लावू नका, ही वही वाचा. हॉलमध्ये स्वतःचा कॅल्क्युलेटर चालतो की स्क्रीनवरचाच वापरायचा ते सूचनांमध्ये बघा आणि स्क्रीनवरचा असेल तर आधी आठवडाभर तसाच वापरून हात बसवा. हॉल तिकिटाची प्रिंट, ओरिजिनल ओळखपत्र, दोन पेनं, पाण्याची बाटली पिशवीत भरून दाराशी ठेवा, आणि सेंटर दुसऱ्या गावात आलं असेल तर पहिली एसटी किती वाजताची आहे ते स्टँडवर जाऊन विचारून या.