सुरीचा उतार घासताना ग्राइंडर थरथरतो? या चुका टाळा

पात्याच्या उतारावर, म्हणजे धारेकडे पातळ होत जाणाऱ्या बाजूवर, ठरावीक अंतराने बारीक आडव्या लाटा दिसू लागल्या, की आपल्याकडचे बहुतेक कारागीर ग्राइंडरच्या चाकांवरून फिरणारा खरकागदी पट्टा आणखी ताणतात किंवा पाते अधिक जोराने दाबतात, आणि त्यामुळे थरथर वाढतेच. आधी दोष कुठे आहे ते शोधावे. पट्टा उतरवून नुसती मोटर चालवावी. तरीही थरथर राहिली तर दोष मोटरीत, तिच्या चाकात किंवा टेबलात आहे. पट्टा चढवल्यावरच थरथर आली तर पट्टा आणि बाकीची चाके पाहावीत. पाते टेकवल्यावरच आली तर पट्ट्यामागची सपाट प्लेट किंवा आपली पकड तपासावी.

कानही पुष्कळ सांगतो. मोटर मिनिटाला 2880 फेऱ्यांची, तिचे चाक 5 इंची आणि पट्टा 72 इंची असेल, तर पट्ट्याचा जोड सेकंदाला सुमारे 10 वेळा प्लेटवरून जातो, पण मोटरीचे चाक तेवढ्यात 48 वेळा फिरते. म्हणून जोडाचा दोष ‘टकटक’ असा सुटा ऐकू येतो आणि वाकड्या चाकाचा दोष सलग घरघरीसारखा येतो.

हा फरक न ओळखल्याने मी स्वतः एका पावसाळ्यात चुकलो. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावी मी विळे, पावश्या आणि सुऱ्या करतो. टकटक स्पष्ट ऐकू येत असूनही मी बेअरिंग बदलले आणि दोन दिवस घालवले. शेवटी प्लग काढून, पट्टा हाताने सावकाश फिरवत त्याच्या मागच्या बाजूवर बोट ठेवले, तेव्हा जोडापासून वीतभर अंतरावर एक कडक घडी बोटाला लागली. पट्टे मी खिळ्याला टांगत असे, आणि ही घडी त्या खिळ्याचीच होती. आता ते विहिरीच्या 4 इंची पाइपाच्या तुकड्यावर टांगतो. उतारासाठी एकावर एक चिकटवलेल्या जोडाच्या पट्ट्यापेक्षा टोकाला टोक भिडवून मागून टेप लावलेला पट्टा घ्यावा, कारण त्याचा जोड जाड होत नाही. आतल्या बाजूला बाण छापलेला असेल तर त्याच दिशेने पट्टा चढवावा.

रबरी चाक असेल तर काम संपताच पट्ट्याचा ताण सोडावा, नाहीतर दाबाच्या जागी रबर चपटे होते. तपासण्यासाठी चाकाच्या अगदी जवळ पेन्सिल स्थिर धरून ते हाताने फिरवावे. पेन्सिल एकाच जागी घासली, तर चाक गोल राहिलेले नाही.

टेबलाकडे मात्र कुणी पाहत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे तिच्यावरची फरशी हलते आणि टेबलाचा एखादा पाय अधांतरी राहतो. दर हंगामात चारही पायांखाली कागद सरकवून पाहावा. सिंगल फेज मोटरीला मुळातच थोडी गुणगुण असते. तिच्याखाली जाड रबर घातल्यास ती पात्यापर्यंत फारशी पोचत नाही.

प्लेट मध्ये झिजून खोलगट झाली का, हे पोलादी पट्टी उभी टेकवून तिच्याखालून उजेड दिसतो का यावरून कळते. सगळे ठीक असूनही टोकाकडे लाटा येत असतील, तर पाते पातळ झाल्यामुळे स्वतःच थरथरत असते. अशा वेळी जिथे घासले जात आहे, त्या जागेच्या बरोबर मागे लाकडी ठोकळ्याने हलका आधार द्यावा. बोथट पट्टा कापण्याऐवजी पाते उसळवतो, म्हणून पात्याला नेहमीपेक्षा जास्त दाब द्यावा लागू लागला, की तो त्याच क्षणी बदलावा.