जुनं छापील चित्र आणि नंतरचा फोटो, जुळवायचं कसं?

बेळगावचा किल्ला किंवा गोकाकचा धबधबा, असलं जुनं छापील चित्र मिळालं की लोक लगेच शेजारी आजचा फोटो लावतात आणि 'बघा किती बदललं' म्हणून मोकळे होतात. पण आधी चित्रवाला उभा कुठं होता ते शोधा की, नाहीतर तुलनेला काही अर्थच नाही.

त्यासाठी न हलणाऱ्या दोन गोष्टी धरायच्या, एक जवळची आणि एक लांबची. गोकाकला महालिंगेश्वराचं देऊळ आणि पलीकडचा कडा. चित्रात देवळाचा कोपरा कड्याच्या ज्या भागावर येतो तिथंच तुम्हालाही दिसेपर्यंत डावीउजवीकडं सरकत राहायचं, मग पुढंमागं. हे पायानंच करायला लागतंय, झूम करून जमत नाही.

नंतर चित्राची खालची पट्टी वाचा. नावापुढं 'डेल' असेल तर तो चित्र काढणारा, 'स्कल्प' असेल तर ते छपाईच्या धातूच्या प्लेटवर कोरणारा, आणि बऱ्याचदा हा कोरणारा लंडनला बसून काम करायचा, जागा त्यानं कधी बघितलेलीच नसायची. त्यामुळं कडेची झाडं, गुरं, पागोटेवाली माणसं यांच्यावर भरवसा ठेवू नका. माणसं तर मुद्दाम बारकी काढायचे, कडा उंच वाटावा म्हणून. गोकाकचा धबधबा साधारण 52 मीटर, म्हणजे एकावर एक तीसेक माणसं. कड्याजवळचा माणूस पट्टीनं मोजा, कड्याच्या उंचीत तशी साठ माणसं भरली तर चित्रवाल्यानं उंची वाढवलीय.

आणि प्लेट कागदावर उलटी उमटते, कोरणाऱ्यानं ते लक्षात नाही घेतलं तर डावं उजवीकडं जातं. काहीच जुळत नसेल तर मोबाईलवर चित्र फ्लिप करून बघा.

फोटो म्हणजे खरंच, असंही धरू नका. पुरातत्त्व सर्वेक्षक जेम्स बर्जेसनी 1874 ला बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांची पाहणी केली, त्या अहवालात फोटो आहेत, पण त्या काळात एक्सपोजर, म्हणजे फोटो घेताना प्रकाश आत घ्यायचा वेळ, लांब असायचं, हलणारी माणसं पुसट होतात किंवा गायबच, म्हणून रस्ता रिकामा दिसला तरी गाव ओसाड होतं असं नाही. छापलेल्या चित्राखाली 'फोटोवरून' लिहिलेलं असेल तर तेही कोरलेलंच समजा.

ऋतू तर बघाच. गोकाकचा धबधबा ज्या नदीवर आहे ती घटप्रभा जुलैत आणि एप्रिलात एकच नदी वाटत नाही, उन्हाळ्यातल्या फोटोवरून धबधबा आटला म्हणणं चूक.

बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती या जैन मंदिराकडं जाताना मात्र आजूबाजूला मिलिटरीचा एरिया आहे, कॅमेरा काढायच्या आधी गेटवर विचारून घ्या.