कुत्रीला दूध कमी येतंय? पिल्लांच्या बाबतीत या चुका टाळा

पिल्लं झाली की घर खुश असतं, फोटो निघतात, नावं ठरतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात येतं की एक पिल्लू सारखं कुईकुई करतंय, आईला चिकटतं, सोडतं, परत चिकटतं, पोट काही भरत नाहीये. मग धावपळ सुरू. वाटीत गाईचं दूध, हातात ड्रॉपर, कुणीतरी सांगतं मध चाटव, कुणी सांगतं बाळगुटी दे. माझ्या पाहण्यात नुसतं दूध कमी पडून पिल्लं जातात त्यापेक्षा या घाईत केलेल्या गोष्टींनी जास्त जातात, आणि फार वाईट वाटतं कारण त्यातलं बरंचसं टाळता येतं. क्रम एकच लक्षात ठेवा: आधी ऊब, मग वजन, मग दूध. हा क्रम उलटा झाला की गडबड होते.

गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजणं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून आधी हीच. नवजात पिल्लाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, पहिले काही दिवस तर त्याला थंडीने थरथरताही येत नाही, त्यामुळे ते गारठलंय हे बघून कळतच नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाचं नॉर्मल टेंपरेचर ९५ ते ९८ फॅरेनहाइटच्या आसपास असतं, म्हणजे मोठ्या कुत्र्यापेक्षा बरंच कमी. ते ९४ च्या खाली गेलं की पोट आणि आतडी काम करायची जवळजवळ थांबतात. अशा पोटात दूध गेलं की ते पचत नाही, तिथेच साचतं, पोट फुगतं, उलटून वर येतं आणि श्वासनलिकेत जातं. आपल्याला वाटतं दूध पाजलं, आता बरं वाटेल, आणि दोन तासात पिल्लू हातात मान टाकतं.

म्हणून आधी हात लावून बघा, तोंडात स्वच्छ बोट घालून बघा. तोंड आतून गार लागलं तर दूध बंद, आधी ऊब. कपड्याच्या आत छातीशी धरा, किंवा गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. हळूहळू, तास-दोन तास घेऊन गरम करायचं, हेअर ड्रायर लावून दहा मिनिटात नाही. पिल्लू फारच ढिलं पडलं असेल तर ऊब देता देता साखरेच्या पाण्याचा एखादा थेंब हिरडीला बोटाने चोळा, तेवढ्याने डॉक्टरकडे पोचेपर्यंत रक्तातली साखर टिकते. पण ते जेवण नाही, चमच्याने साखरपाणी पाजत बसू नका.

खोक्यात पहिल्या आठवड्यात २९ ते ३२ अंश सेल्सिअस असायला हवं, पुढे दर आठवड्याला थोडं थोडं कमी करत जायचं. बल्ब लावत असाल तर खोक्याच्या एकाच बाजूला लावा म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लं सरकून दुसरीकडे जातील. सगळी एकमेकांवर ढीग करून पडली असतील तर थंडी वाजतेय, लांब लांब पसरून तोंड उघडं टाकून पडली असतील तर उकडतंय. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लं बरीचशी थंडीच्या तोंडावर जन्मतात, त्यामुळे फरशीवर नुसतं पोतं टाकून भागत नाही, खाली पुठ्ठा आणि त्यावर जाड कापड हवंच.

पोट बघून अंदाज करणं

"पोट गोल दिसतंय की, म्हणजे पीत असेल." नाही हो. हवा गिळली तरी पोट गोल दिसतं. आणि शांत पडलेलं पिल्लू म्हणजे पोट भरलेलं पिल्लू असंही नाही, आधी खूप रडून मग थकून गप्प झालेलं पिल्लू जास्त धोक्यात असतं. झोपेत अंग झटकणं, पाय हलवणं मात्र नॉर्मल आहे, त्याला घाबरू नका, उलट झोपेत अजिबात न हलणाऱ्या पिल्लाकडे लक्ष ठेवा.

खरं सांगणारी एकच गोष्ट, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा. जन्मल्यावर वजन घ्या, मग रोज एकाच वेळी, पहिला आठवडा शक्य असेल तर सकाळ-संध्याकाळ. पिल्लं सारखी दिसत असतील तर गळ्यात वेगवेगळ्या रंगाची लोकर सैल बांधा (आणि रोज तपासा, ती वाढतात, दोरा नाही वाढत) किंवा नेलपॉलिशचा एक ठिपका एका नखावर. पहिल्या २४ तासात वजन थोडं उतरलं, अगदी १० टक्क्यांपर्यंत, तर लक्ष ठेवून थांबता येतं, पण त्यानंतर ते रोज वाढलंच पाहिजे. साधारण जन्मवजनाच्या ५ ते १० टक्के रोज, म्हणजे ३०० ग्रॅमचं पिल्लू धरा तर रोज १५ ते ३० ग्रॅम, आणि आठ-दहा दिवसात दुप्पट. एक दिवस काटा जागच्या जागी राहिला तर वरून दूध सुरू करायचं, दुसऱ्या दिवसाची वाट नाही बघायची. मला वाटतं ज्याच्या घरी कुत्री गाभण आहे त्याने बाकी काही आणो न आणो, काटा आधी आणावा.

चीक हुकवणं

पहिल्या दिवसाचं दूध, म्हणजे चीक, त्यातून पिल्लाला आईची जवळजवळ सगळी रोगप्रतिकारशक्ती मिळते. पण हे फक्त पहिल्या २४ तासात शोषलं जातं, त्यातही पहिले बारा तास सोन्यासारखे, त्यानंतर आतडं ते घेणं बंद करतं. सिझर झालेल्या आईच्या बाबतीत लोक "तिला आराम करू दे" म्हणून पिल्लं दिवसभर वेगळी ठेवतात आणि ही वेळ निघून जाते. आई शुद्धीवर आली की तिला धरून, स्वतः शेजारी बसून पिल्लं लावा. चार थेंब मिळाले तरी चालतील. गाईचा चीक मिळाला तर तो द्यावा का असं बरेच जण विचारतात, पण त्यातल्या अँटिबॉडीज गाईच्या रोगांविरुद्धच्या असतात, पार्वो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांपासून त्या पिल्लाला वाचवत नाहीत. चीक मिळालाच नाही असं वाटलं तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, पुढचं लसीचं वेळापत्रक आणि स्वच्छता त्यावर ठरते.

दूध कमी आहे की उतरत नाहीये, हे न बघणं

दूध तयारच होत नाही असं तसं कमी वेळा होतं. बऱ्याचदा दूध असतं पण उतरत नाही, कारण आई घाबरलेली आहे, दुखतंय, पहिलटकरीण आहे, आणि बघायला येणाऱ्यांची रांग लागलीय. ताणात दूध उतरवणारं हार्मोन अडतं. पाहुणे बंद करा, खोलीत अंधूक ठेवा, दिवाळीचे फटाके वाजत असतील तर तिला आतल्या खोलीत हलवा. प्रत्येक सड हलकेच दाबून बघा, थेंब येतो का, दगडासारखा कडक आहे का, केसांनी झाकला गेलाय का. लांब केस असतील तर कातरा. मागच्या पायांजवळच्या सडांना सहसा जास्त दूध असतं, अशक्त पिल्लाला मुद्दाम तिथे लावायचं आणि धष्टपुष्ट भावंडाला पंधरा मिनिटं बाजूला ठेवायचं. पिल्लं जास्त असतील तर दोन गट करून आळीपाळीने लावा.

एखादा सड गरम, लालसर-जांभळा, हात लावू देत नाही, दूध पिवळं-तपकिरी किंवा रक्ताळलेलं, तर ते इन्फेक्शन आहे, त्याच दिवशी डॉक्टर. घाण वासाचा स्राव आणि ताप असेल तरीही तेच. घरातली क्रोसिन, काँबिफ्लाम असली माणसांची गोळी तिला अजिबात देऊ नका, कुत्र्यांसाठी ती विषारी ठरू शकते. दूध उतरवायचं इंजेक्शन किंवा दूध वाढवायची गोळी असते, पण ती तपासून द्यायची गोष्ट आहे, मेडिकलमधून आणून नाही.

बाळंतिणीचा खुराक म्हणून काहीही चारणं

प्रेमापोटी होतं हे, म्हणून सांगताना जीव तुटतो. डिंकाचे लाडू, सुक्या मेव्याचे लाडू तिला देऊ नका, त्यात मनुका असतात आणि मनुका-द्राक्षं कुत्र्याची किडनी बिघडवू शकतात. कांदा-लसूण घातलेली आमटी नको. तुपाचा मारा केला की जुलाब होतात आणि दूध आणखी कमी होतं. तिला हवंय ते भरपूर प्रोटीन आणि भरपूर पाणी. चांगलं पपी फूड दिवसातून चार वेळा, किंवा उकडलेलं चिकन, अंडं, भात, आणि पाण्याचं भांडं अगदी तोंडाशी, कारण पिल्लं सोडून उठायला ती तयार नसते. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तिची भूक नेहमीच्या दुप्पट-तिप्पट होते, पिल्लं जास्त असतील तर त्याहूनही जास्त, तेव्हा मोजूनमापून देऊ नका, हवं तितकं खाऊ द्या. रस्त्यावरची आई असेल तर पिल्लं उचलून घरी आणण्याआधी तिचं पोट भरा. आणि आई दिसली नाही म्हणून पिल्लं पोरकी समजू नका, लांब उभं राहून काही तास बघा, ती बहुतेक खायला शोधायला गेलेली असते.

कॅल्शियमचं टॉनिकही तसंच. गाभणपणात ते रोज पाजलं तर शरीर स्वतः हाडातून कॅल्शियम काढायची सवय सोडतं आणि व्याल्यावर दुधाचा लोंढा सुरू झाला की रक्तातलं कॅल्शियम एकदम खाली येतं. लहान जातीच्या आणि जास्त पिल्लं झालेल्या कुत्रीला हे जास्त होतं. ती बेचैन होऊन धापा टाकते, पाय ताठ करून चालते, थरथरते, मग झटके. ही इमर्जन्सी आहे, रात्री दोन वाजता असली तरी निघायचं, आणि पिल्लं तोपर्यंत तिच्यापासून बाजूला काढून बाटलीवर ठेवायची.

चुकीचं दूध, चुकीच्या पद्धतीने

कुत्रीच्या दुधात साधारण ९ टक्के फॅट, ७-८ टक्के प्रोटीन आणि ३ टक्क्यांच्या आसपास लॅक्टोज असतं. गाईच्या दुधात फॅट ४, प्रोटीन ३ च्या थोडं वर आणि लॅक्टोज जवळजवळ ५. म्हणजे पोषण निम्मं आणि जुलाब लावणारी साखर जास्त, आणि त्यात लोक पाणी घालून "हलकं" करतात, मग पिल्लू भरपूर पिऊनही उपाशीच राहतं. शेळीचं दूध पचायला बरं म्हणतात पण पोषण गाईच्या दुधाइतकंच. लहान मुलांचा लॅक्टोजन वगैरे डबा माणसाच्या बाळासाठी आहे, आणि तीन आठवड्यांच्या आत सेरेलॅक किंवा दूधपोळी तर नकोच. पिल्लांची मिल्क पावडर मिळते, बीफरची लॅक्टोल किंवा रॉयल कॅनिनची बेबीडॉग मिल्क, पेट शॉपमध्ये किंवा ऑनलाइन, गाभणपणातच एक डबा आणून ठेवा. रात्री अचानक गरज पडली आणि काहीच नसेल तर एक कप फुल क्रीम दुधात दोन ताज्या अंड्यांचा फक्त पिवळा बलक आणि एक छोटा चमचा तेल, गाळून, एक रात्र काढायला. साखर नाही, मध नाही, पांढरा भाग नाही.

किती द्यायचं? डब्यावरचं प्रमाण आधी वाचा. ढोबळमानाने पहिल्या आठवड्यात १०० ग्रॅम वजनाला दिवसभरात १३ ते १५ मिली, म्हणजे ३०० ग्रॅमच्या पिल्लाला ४०-४५ मिली, ते दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, ४-५ मिली करून. हे आईचं दूध अजिबात नसेल तेव्हाचं, थोडं मिळत असेल तर वरचं तेवढं कमी आणि काट्यावर नजर. एका वेळी १०० ग्रॅमला ४ मिलीच्या वर जाऊ नका.

आणि पिल्लाला बाळासारखं उताणं धरून पाजू नका. प्लीज. पोटावर पालथं, डोकं किंचित वर, जसं ते आईजवळ पितं तसं. दूध अंगाइतकं कोमट, मायक्रोवेव्हमध्ये नाही तर गरम पाण्यात बाटली ठेवून. बाटली उलटी केली की निपलमधून थेंब थेंब यावा, धार नाही. सिरिंजने पाजत असाल तर दाबून ढकलू नका, पिल्लाने स्वतः चोखलं पाहिजे. बोट चोखत नसेल तर त्याला तोंडाने काहीच देऊ नका, नळीने थेट पोटात द्यावं लागतं आणि ते डॉक्टरांकडून समोरासमोर शिकल्याशिवाय करायचं नाही, नळी फुप्फुसात गेली तर संपलं. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं खाली करून नाक पुसा, आणि दर वेळी येत असेल तर तोंड उघडून टाळूला फट आहे का बघा. उरलेलं दूध परत वापरू नका, बाटली-निपल दर वेळी उकळा.

पाजून झाल्यावर एक गोष्ट हमखास राहते. आई चाटत नसेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शी-शूची जागा हलके पुसायची, तोपर्यंत पिल्लू करूच शकत नाही, साधारण तीन आठवडे. लघवी फिकट असेल तर ठीक, गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय.

बाटली सुरू केली म्हणून पिल्लं आईपासून तोडू नका. चोखण्यानेच दूध वाढतं, आणि ऊब, चाटणं हे सगळं तिच्याकडूनच मिळतं. आपलं दूध हे वरचं दूध. ओळखीत दुसरी व्यालेली किंवा खोट्या गर्भारपणात दूध आलेली कुत्री असेल तर तिच्या घरच्यांना विचारा, एखादं-दोन पिल्लं ती सांभाळू शकते, फक्त ती निरोगी आणि लस झालेली हवी आणि पहिले दोन दिवस शेजारून हलायचं नाही.

पिसवा दिसल्या तर गोचीड पावडर, स्प्रे, आंघोळ काही नाही, बारीक फणीने काढा आणि अंथरूण रोज बदला. दोन आठवडे झाले की जंताचं औषध डॉक्टरांकडून वजनानुसार, आईलाही त्याच वेळी. तीन-साडेतीन आठवड्यांनी पपी फूड कोमट पाण्यात किंवा त्याच मिल्क पावडरीत भिजवून लापशीसारखं उथळ ताटलीत ठेवा, पहिले दोन दिवस ती त्यात लोळतील, मग खायला लागतील, आणि बाटलीची एक एक पाळी कमी करत न्या, काट्यावर वजन चढत राहतंय तोपर्यंतच.