लेखिकांनी मिळून परदेशी जायचं तर

आम्ही चौघी प्रेमकथा लिहितो. मी ठाण्याची, नौपाड्यातली. बाकीच्या तिघींपैकी एक डोंबिवलीची, एक वाशीची आणि एक पनवेलची. एकमेकींना आम्ही गावाच्या नावानेच हाक मारतो, म्हणून इथेही तसंच लिहिते. २०२३ साली आम्ही इंग्लंडला गेलो, २०२५ साली इटलीतल्या व्हेरोनाला. दोन्ही वेळा टूरबरोबर न जाता सगळं आमचं आम्हीच ठरवलं. तेव्हापासून लिहित्या मैत्रिणी विचारत असतात की हे जमवलंत कसं. फोनवर सांगताना निम्मं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढते.

सगळ्यात आधी तारीख. मराठी लेखिकेचं वर्ष दिवाळी अंकांवर चालतं. जुलै-ऑगस्टमध्ये संपादकांचे फोन सुरू होतात आणि कथा हातावेगळी होईपर्यंत दुसरं काही सुचत नाही. मग गणपती. पुढे नवरात्र, फराळ, पाहुणे. या सगळ्याच्या मधे एक मोकळी फट राहते, ती पितृपंधरवड्याची. लग्न नाही, मुंज नाही, बारसं नाही, त्यामुळे ‘तू नसलीस तर कसं दिसेल’ असं कोणी म्हणत नाही. घरातलं श्राद्ध मात्र चुकवायचं नाही. आमच्याकडे सासऱ्यांची तिथी पंचमी. ती उरकून षष्ठीच्या रात्री विमान, असं मी दोन्ही वेळा केलं. पनवेलच्या घरी अविधवा नवमी असते. तिने जावेशी आधीच बोलून घेतलं आणि परत आल्यावर सर्वपित्रीचा सगळा स्वयंपाक स्वतः केला. ही बोलणी चार महिने आधी झाली पाहिजेत. तिकीट काढून मग घरात सांगणं बरं नाही.

माणसं किती? चार. तीन असल्या की एक एकटी पडते आणि पाच झाल्या की टॅक्सीत मावत नाहीत. चौघींनी एकमेकींचं लेखन वाचलेलं असावं, आणि नुसतं गोड बोलण्यापुरतं वाचलेलं नसावं. जिच्या कथेबद्दल खरं मत तोंडावर सांगता येत नाही, तिच्याबरोबर एका घरात राहू नका.

आता कागदपत्रं. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि इटली-फ्रान्ससारख्या युरोपीय देशांचा सामाईक व्हिसा, म्हणजे शेंगेन, वेगळा. एकावर दुसरीकडे जाता येत नाही. शेंगेनसाठी पासपोर्ट दहा वर्षांच्या आतला हवा, तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालणारा हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. मुदत संपत आली असेल तर आधी वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात नंबर लावा, मग बाकीचं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रवासाला पंधरा दिवस उरेपर्यंतच घेतात. आम्ही जूनमध्ये केला, फी माणशी ९० युरो पडली. दोन-तीन देश करणार असाल तर ज्या देशात रात्री जास्त, त्याच्याकडे अर्ज. व्हिसा हातात येईपर्यंत पैसे परत न मिळणारं काही बुक करू नका.

लेखिकांची खरी अडचण नावाची असते. डोंबिवली टोपणनावाने लिहिते. तिने प्रकाशकाचं पत्र जोडलं, त्यात टोपणनाव. पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव आणि बँकेत तर अजून माहेरचं. व्हिसा केंद्रातल्या मुलीने तीन कागद शेजारी ठेवून विचारलं, या तिघी कोण? त्या दिवशी अर्ज घेतलाच नाही. भर उन्हात ती परत आली आणि आमच्याकडे येऊन पंख्याखाली गप्प बसून राहिली. तेव्हा हे आधीच करा: प्रकाशकाच्या लेटरहेडवर ‘पासपोर्टवर अमुक नाव असलेल्या या लेखिका तमुक नावाने लेखन करतात’ असं साध्या इंग्रजीत, सही-शिक्क्यासह आणि पासपोर्ट नंबर घालून लिहून घ्या. मानधन आणि रॉयल्टी प्राप्तिकराच्या रिटर्नमध्ये दाखवत असाल तर तोच सगळ्यात बळकट पुरावा. थोडी रक्कम आहे म्हणून रिटर्न न भरणाऱ्या बऱ्याच जणी मला माहीत आहेत. त्यांनी भरायला लागावं. त्या कागदावर तुमचा व्यवसाय लेखन आहे हे सरकारदरबारी लिहिलेलं असतं, आणि मला त्याचं मोल पैशाहून जास्त वाटतं.

पैशाचं थोडक्यात सांगते. एक सामाईक बटवा करा, चौघींनी सारखे पैसे टाका, जेवण-टॅक्सी-तिकिटं त्यातून. आमचा बटवा वाशीकडे असतो, ती बँकेतून निवृत्त झाली आहे. रोज रात्री वहीत जमाखर्च. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचं शुल्क साडेतीन टक्क्यांपर्यंत लागतं, त्यामुळे फॉरेक्स कार्ड आणि थोडी रोकड बरी.

सामानात दूध-तुपाचं काही नेऊ नका. पेढे, बर्फी, तूप यांना युरोपातही बंदी आहे आणि ब्रिटनमध्येही. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या विमानातच नेऊ देत नाहीत, त्यात तेल असतं म्हणून. मेतकूट, भाजणी, कोरडी चटणी चालते. तुपाचं आम्ही असं केलं: व्हेरोनात बिनमिठाचं लोणी आणलं आणि पहिल्याच संध्याकाळी कढवलं. त्या वासाने घर आपलं झालं.

घर निवडताना सगळ्या जणी खोल्या आणि न्हाणीघरं मोजतात. तुम्ही टेबलं मोजा. हे मी इंग्लंडमध्ये दोन टेबलं पाहून शिकले.

पहिलं टेबल चॉटनमध्ये. लंडनच्या वॉटर्लूहून आल्टनला आगगाडी जाते, तिथून पुढे चालत अर्धा तास. इंग्रजी कादंबरीकार जेन ऑस्टिन जिथे राहिली ते घर आता संग्रहालय आहे. खिडकीशी तिचं लिहिण्याचं टेबल ठेवलंय. अक्रोडाच्या लाकडाचं, बारा कोनांचं, आणि एवढंसं! आपल्याकडचा चौरंग बरा म्हणायचा. एक कागद, एक दौत, एक कोपर. दुसरं कोणी त्या टेबलाशी बसूच शकणार नाही.

दुसरं टेबल यॉर्कशरमध्ये, हॉवर्थला. लीड्सहून कीथलीपर्यंत गाडी, पुढे बस. गावातला मुख्य रस्ता म्हणजे फरसबंदीचा उभा चढ, गुडघ्यांची तक्रार असेल तर काठी न्या. वर, स्मशानाला लागून ब्राँटे बहिणींचं घर, म्हणजे शार्लट, एमिली आणि ॲन या तिघी लेखिकांचं. जेवणघरात त्यांचं टेबल आहे. ते मधे कितीतरी वर्षं दुसऱ्यांकडे होतं, २०१५ मध्ये परत आलं. त्यावर शाईचे डाग आहेत, मधोमध मेणबत्तीने जळालेली खूण आहे, आणि लाकडात कोरलेलं एक छोटं इंग्रजी ‘ई’ अक्षर आहे. रात्री घर झोपलं की तिघी बहिणी या टेबलाभोवती फेऱ्या मारत एकमेकींना आपापलं लिखाण ऐकवायच्या. डिसेंबर १८४८ मध्ये एमिली गेली, मे १८४९ मध्ये ॲन. त्यानंतर शार्लट त्याच टेबलाभोवती एकटी फिरायची. हे ऐकलं आणि आम्ही चौघी दोरीच्या अलीकडे कितीतरी वेळ नुसत्या उभ्या होतो. पनवेलने माझा हात धरला होता. बाहेर आल्यावर वाऱ्याने डोळे कोरडे झाले.

तर अशी दोन टेबलं लागतात. घर बघताना फोटोत पाहा: चौघी बसू शकतील असं एक मोठं टेबल, आणि एकेकटीला बसायला निदान दोन-तीन कोपरे, खुर्ची आणि दिव्यासकट. घरमालकाला विचारा. व्हेरोनाच्या घरमालकिणीने आमच्यासाठी माडीवरचं शिवणाचं टेबल खाली आणून दिलं.

आमचा दिवस या दोन टेबलांवरच चालतो. सकाळी दहापर्यंत कोणी कोणाशी बोलायचं नाही. चहा ज्याचा त्याने करायचा. सप्टेंबरात इटलीची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, त्यामुळे ठाण्यात साडेसहाला उठणारी मी तिथे पहाटे तीनला टक्क जागी. पहिले चार दिवस तरी हे असंच होतं. कूस बदलत पडू नका, उठा आणि लिहा. घरच्यांचे फोन संध्याकाळी पाचला, तेव्हा इकडे साडेआठ वाजलेले असतात आणि कुकर झालेला असतो. दहा ते चार भटकायचं, त्यातही दुपारचे दोन तास एकेकटीने. आणि रात्री जेवण झालं की मोठ्या टेबलाशी वाचन. जिने त्या दिवशी काही लिहिलं नाही तिने निदान टिपलेल्या चार ओळी वाचायच्या.

काय टिपायचं? देखावे टिपू नका. चर्चचा कळस आणि पुलाच्या कमानी कोणालाही घरबसल्या पाहता येतात. माणसं एकमेकांशी हातांनी काय करतात ते टिपा. प्रेमकथेला तेच लागतं, आणि ते सीमा ओलांडून आणता येतं. माझा नायक कधी व्हेरोनात जात नाही, तो कोपरीच्या पुलावरच अडकलेला असतो. पण त्याच्या हातातली एखादी लकब मी तिकडून आणलेली असते.

इथेच आमचा पहिल्या प्रवासात घोटाळा झाला. कीथलीच्या स्टेशनात जुनी वाफेची गाडी लागते. फलाटावर एक वयस्क जोडपं बसलं होतं. त्याने थर्मासच्या झाकणात चहा ओतला, तीन वेळा फुंकर मारली, ओठ लावून बघितला आणि मग झाकण फिरवून, आपले ओठ लागले नव्हते ती बाजू तिच्याकडे केली. तिने न बघता हात पुढे केला. एवढंच. मी ते पाहिलं, डोंबिवलीनेही पाहिलं, आणि दोघी एकमेकींना काही बोललो नाही. पुढच्या दिवाळीत माझ्या कथेत तो चहा कर्जत स्टेशनवर प्यायला गेला आणि तिच्या कथेत इस्पितळाच्या बाकावर. झाकण फिरवण्यासकट. नाशिकच्या एका वाचक बाईंनी दोघींनाही पत्र पाठवून विचारलं, हे कोणी कोणाचं घेतलं? सहा महिने आम्ही दोघी तुटकपणे वागलो. तलावपाळीवर समोरासमोर आलो तरी तब्येतीपलीकडे बोलणं जात नव्हतं. इतकी वर्षांची मैत्री, आणि मधे तो चहा. मला फार लागलं ते.

म्हणून दुसऱ्या प्रवासाच्या आधी वाटपाची वही केली. ही वही जमाखर्चाच्या वहीपेक्षा महत्त्वाची आहे, तुम्ही पहिल्या दिवसापासून करा. रात्रीच्या वाचनानंतर प्रत्येकीने दिवसभरात जे आपलं वाटलं ते मोठ्याने सांगायचं. दोघींनी एकच मागितलं तर दोघींनीही ते का हवंय ते सांगायचं आणि बाकीच्या दोघींनी ठरवायचं. वहीत नाव लागलं की दोन दिवाळ्यांपर्यंत ते तिचं. तोवर दुसरीने त्याला हात लावायचा नाही. दोन दिवाळ्यांत लिहिलं नाही तर ते सगळ्यांना मोकळं.

व्हेरोनात सगळे शेक्सपिअरच्या ज्युलिएटच्या घरी जातात, तुम्हीही जा, पण सकाळी लवकर. ती सुप्रसिद्ध गॅलरी विसाव्या शतकात बसवलेली आहे. अंगणातला पुतळाही लोकांच्या स्पर्शाने इतका झिजला की २०१४ मध्ये मूळ पुतळा आत नेऊन तिथे प्रतिकृती उभी केली. हे कळल्यावर काही जण नाक मुरडतात. मी मुरडलं नाही. खोट्या गॅलरीखाली उभी असलेली माणसं खरी असतात, आणि आपलं काम त्यांच्याशी आहे. जगभरातून ज्युलिएटला पत्रं येतात आणि गावातली स्वयंसेवक मंडळी त्यांना उत्तरं लिहितात. वाशीने मराठीत एक पत्र लिहून टाकलं. काय लिहिलं ते आम्ही विचारलं नाही.

पण जास्त वेळ द्या तो पोंते पिएत्रा या पुलाला. अडिजे नदीवरचा हा रोमन काळातला पूल. १९४५ मध्ये माघार घेताना जर्मन सैन्याने तो उडवला. नंतर गावाने नदीच्या तळातून दगड आणि विटा वर काढल्या आणि १९५७ ते १९५९ मध्ये त्याच वापरून पूल परत बांधला. जवळून पाहिलं की कळतं, काही कमानी पांढऱ्या दगडाच्या आणि काही तांबड्या विटांच्या. कठड्यावर हात ठेवला तर ऊन साठून राहिलेलं लागतं. एकदा मोडलेलं नातं परत जोडताना माणसं जुनेच तुकडे शोधून आणतात, याच्यावर मी चार कादंबऱ्या लिहिल्या असतील, आणि ते सगळं तिथे पाण्यावर उभं होतं.

त्या रात्री पूल मी मागितला आणि डोंबिवलीनेही मागितला. मी माझं कारण सांगितलं. तिने सांगितलं की कीथलीच्या चहानंतरचे सहा महिने तिला लिहायचे आहेत आणि त्यासाठी तिला पूल हवा. पनवेल आणि वाशीला ठरवायची वेळच आली नाही, मी वही ओढून तिचं नाव घातलं. माझ्या नावावर कठड्याचं ऊन लिहून घेतलं.

परत आल्यावर आठ दिवसांच्या आत भेटायचं, ही शेवटची गोष्ट. जास्त दिवस गेले की फोटो उरतात आणि बाकी विरून जातं. आम्ही तलावपाळीला भेटतो, गडकरी रंगायतनच्या बाजूच्या बाकांवर, संध्याकाळी साडेपाचला, म्हणजे गर्दी व्हायच्या आत वाचून होतं. वही मधे ठेवायची आणि प्रत्येकीने आपल्या नावापुढचं काय झालं ते सांगायचं. नंतर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. पुलाची मुदत येत्या दिवाळीला संपते आहे. परवाच्या रविवारी डोंबिवलीने पिशवीतून कागद काढले आणि पहिली चार पानं वाचून दाखवली. वाचून झाल्यावर तिने थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला, आणि झाकण फिरवून माझ्यापुढे धरलं.