‘आय हॅव वेंट’ कसं सुटलं

दहावीतली भाची ‘आय हॅव वेंट’ लिहायची. मराठीत ‘गेले’ आणि ‘गेले आहे’, दोन्हीकडे ‘गेले’च, गोंधळ तिथलाच. गो-वेंट-गॉन असे क्रियापदांच्या तीन रूपांचे तक्ते पाठ करून घेणं मी बंद केलं. दादरहून ठाण्याला जाताना लोकलमध्ये एकच काम दिलं: क्रियापदाआधी हॅव, हॅज, हॅड किंवा पॅसिव्हमधलं वॉज दिसतंय का बघ. दिसलं तर तिसरं रूप: हॅज गॉन, हॅड ईटन, वॉज ब्रोकन. भूतकाळातलं क्रियापद एकटंच असेल तर दुसरं: वेंट, एट, ब्रोक. ‘यस्टरडे’ असेल तर हॅव-हॅज नकोच.

सँग-संग, ड्रँक-ड्रंक, बिगॅन-बिगन या जोड्या मात्र जाम चकवतात. त्यात ‘ॲ’वालं एकटं फिरतं, ‘अ’वाल्याला सोबत लागते. कम आणि रन तर लबाडच, तिसऱ्या जागी पुन्हा पहिलंच रूप! डिडनंतर पहिलं रूप, हे नशिबाने तिचं आधीच पक्कं होतं.